पोलिसांचा दाखला मागायला जाताना
(सभासद शिक्षण वर्ग : कागदपत्रांचा पाठ)



या खेपेच्या पाठात उसाबद्दल फारसे नाही. लागण, खोडवा, तोडणीचा प्रोग्राम यांवर शेती खात्याचे लोक लिहीतच असतात. पण गेल्या वर्षभरात वर्गाला येणाऱ्या सभासदांनी जेवढे प्रश्न विचारले, त्यांत उसाइतकेच प्रश्न एका कागदाविषयी होते. तो कागद म्हणजे पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. आपली पोरे पुण्याला नोकरीला जातात. कोणी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, कोणी सिक्युरिटीत, कोणी दवाखान्यात. पहिल्याच दिवशी तिथला साहेब म्हणतो, “पोलीस व्हेरिफिकेशन आणा.” आणि पोरगे बापाला फोन करते.

असाच एक सभासद गाळप सुरू असताना गट ऑफिससमोर मला भेटला. हातात वायरची पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद.

“गुरुजी, जरा बघा हो हे. पोराचा अर्ज दोनदा माघारी आलाय.”

“काय कारण लिहिलंय, आबा?”

“नावात फरक म्हणत्यात. आता पोरगं माझं, नाव मी ठेवलेलं, आन फरक ह्यांना दिसतोय!”

मी कागद पाहिले. (मुलाचे नाव-गाव येथे मुद्दाम बदलले आहे.) शाळेच्या दाखल्यावर नाव ज्ञानेश्वर. आधार कार्डावर माऊली. आपल्या पुणे जिल्ह्यात ज्ञानेश्वराला घरात माऊलीच म्हणतात, यात नवल ते काय? आधार काढणारा आला तेव्हा आजीने हाक मारायचे नाव सांगितले, त्याने ते टिपले. पॅन कार्डावर ज्ञानेश्वर, पण इंग्रजी स्पेलिंग ‘डी-एन-वाय’ने सुरू होणारे. ड्रायव्हिंग लायसन्सवर तेच नाव ‘जी-वाय-ए’ने. जन्मतारीख शाळेत १ जून, आधारावर त्याच सालाची १ जानेवारी. एकाच पोराचे चार कागद आणि त्यांवर तीन-चार माणसे!

आता एक कबुली देतो. त्या १ जूनमध्ये माझाही हात आहे. मी प्राथमिक शिक्षक होतो. जून महिन्यात नावे घालायला आलेल्या बापाला विचारावे, “जन्म कधीचा?” तर उत्तर मिळायचे, “मोठ्या पुराच्या आधी” किंवा “दुसऱ्या वर्षीचा ऊस तुटत होता तवा.” मग वय सहा बसेल असा हिशेब करून आम्ही १ जून टाकून द्यायचो. कामाचा उरक व्हायचा. माझ्या हातच्या रजिस्टरात एकेका वर्गातली निम्मी पोरे एकाच दिवशी जन्मली आहेत. तेव्हा गंमत वाटायची. आज तीच पोरे पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली पाहिली की गंमत वाटत नाही.

आणि १ जानेवारी कुठून आली? आधार काढताना ज्यांच्याकडे जन्माचा पुरावा नव्हता, त्यांचे नुसते वय लिहून घेतले गेले. अशांची जन्मतारीख त्या सालाची १ जानेवारी धरली जाते. म्हणजे एक अंदाज शाळेचा, दुसरा अंदाज आधारचा. दोन अंदाज एकमेकांना भेटतील कसे?

पोलीस काय तपासतात, ते आधी समजून घेऊ. पुष्कळांचा समज असा की पोलीस हवालदार पोरगा चांगला की वाईट ते लिहून देतो. तसे नाही. या नावाच्या, या बापाच्या, या जन्मतारखेच्या आणि या पत्त्याच्या माणसावर आमच्या दप्तरी गुन्हा दाखल आहे की नाही, एवढेच ते पाहतात. पूर्वी ठाण्यातली रजिस्टरे चाळावी लागत. २००९ साली केंद्राने मंजूर केलेल्या सीसीटीएनएस या योजनेतून पोलीस ठाणी संगणकाने जोडली गेली, तेव्हापासून शोध नावावर चालतो. आता विचार करा. आपल्या एका गावात एकाच आडनावाची पन्नास घरे. त्यांत एकाच नावाची चार पोरे. त्यांतल्या दोघांच्या बापांचे नावही एकच, आणि जन्मतारीख सगळ्यांची १ जून! त्यांतल्या एकाने कुठे मारामारी केली असेल, तर दुसऱ्याने आपण तो नव्हे हे दाखवायचे कशाने? ओळखीचा पुरावा मागतात तो यासाठी. आपण अमुक आहोत हे सांगण्याइतकेच आपण तमुक नाही हे सांगणे त्यात असते. गरीब, सरळ माणसाला या पुराव्याची गरज लबाडापेक्षा जास्त आहे, असे माझे मत आहे. लबाड कुठल्या तरी वाटेने निसटतो, सरळ माणूस मात्र दुसऱ्याच्या नावाखाली अडकतो.

आपल्या राज्याने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम लावला आहे. काही सभासदांनी वर्गात नाके मुरडली. मला विचाराल तर आईच्या सन्मानाचा मुद्दा आहेच, शिवाय एकाच नावाच्या चुलतभावांची गल्लत टाळायला याच्यासारखा सोपा उपाय नाही. दोघांचे बाप एकाच नावाचे असले तरी आयाही एकाच नावाच्या, असे क्वचितच.

माणूस ओळखायचा कसा, हा प्रश्न नवा नाही. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला. पुढे ठेकेदार “ही सही माझी नव्हे” म्हणेल अशी धास्ती साहेबाला होती, म्हणून त्याने कागदावर शाईने त्याचा अख्खा पंजाच उमटवून घेतला. त्यातून पुढे ठशांचे शास्त्र वाढले. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांची सरकारी कचेरी निघाली आणि ते ठसे वर्गवारीने लावण्याची पद्धत बसवण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघा हिंदी फौजदारांचा मोठा वाटा होता. आपल्या आज्या-पणज्यांना अंगठेबहाद्दर म्हणून हसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, सहीची नक्कल होते, अंगठ्याची होणे फार अवघड.

त्याच अंगठ्यावर आणि डोळ्यांच्या बुबुळावर आधार उभे आहे. देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले ते आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. ज्यांच्याकडे दाखवायला एकही कागद नाही, त्यांना आपण कोण हे सांगता यावे, हा हेतू. पण आधारविषयी दोन गोष्टी आपल्या लोकांना माहीत नसतात. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, पत्त्याचाही चालतो. नागरिकत्वाचा मात्र नाही, तसे २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिले आहे. आणि जन्मतारखेचा पक्का पुरावाही तो नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका खटल्यात मयताचे वय ठरवताना आधारापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. तेव्हा तो पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला शाळेचा दाखला पेटीतून काढा आणि नीट ठेवा.

यावरून कागद दुरुस्तीचा क्रम ठरतो. अर्ज परत आला की माणूस घाबरून जो कागद हाताला लागेल तो बदलायला धावतो. आबांच्या पोराला एका एजंटाने सांगितले होते, “शाळेचा दाखला बदलून आणा, आधारप्रमाणं करून घ्या.” हे उफराटे झाले. पाया शाळेचा दाखला किंवा जन्माचा दाखला. शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरातली नोंद बदलणे सोपे नसते, शिक्षण खात्याची परवानगी लागते आणि उघड लेखनाची चूक असल्याशिवाय ती मिळणे कठीण. म्हणून पायाला धरून आधार दुरुस्त करायचे, मग आधाराला धरून पॅन, लायसन्स, बँकेचे पासबुक. आधारवरचे नाव जन्मभरात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. तेव्हा घाईत चुकीची दुरुस्ती करून ती संधी घालवू नका. केंद्रावर बसलेल्या मुलाने भरलेला फॉर्म सही करण्यापूर्वी अक्षर अन् अक्षर वाचा, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातवाला बरोबर न्या, लाज बाळगू नका.

नाव साफच वेगळे असेल, म्हणजे ज्ञानेश्वरचे माऊली किंवा दत्तात्रयचे दत्तू, तर राजपत्रात नाव बदलाची जाहिरात द्यावी लागते. तिचा अर्ज आता ऑनलाइन होतो. राजपत्राचा तो कागद म्हणजे जुन्या आणि नव्या नावाला बांधणारी दोरी. तो आयुष्यभर जपायचा, प्रत्येक अर्जाला जोडायचा. आबांच्या पोराला मात्र याची गरज पडली नाही, कारण शाळेचा दाखला, पॅन व लायसन्स या तिन्हींत मूळ नाव एकच होते. आधार तेवढे शाळेच्या दाखल्यावरून सुधारले आणि लायसन्सचे स्पेलिंग.

मुली-सुनांचे वेगळेच. माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचे आधारवर. काही घरांत लग्नात पहिले नावही बदलतात, तांदळात अंगठीने लिहून. तेवढ्या हौसेची किंमत पुढे ती मुलगी नर्स म्हणून पुण्यात दवाखान्यात लागायला जाते तेव्हा मोजते. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, हे आधी घरातल्या वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे. बदलले असेल तर विवाह नोंदणीचा दाखला हाताशी हवा. १९९८ च्या कायद्याप्रमाणे तो गावातच ग्रामसेवकाकडे मिळतो. (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, तलाठी भाऊसाहेबांना ग्राम महसूल अधिकारी. नावे सरकारचीही बदलतात!) पण लग्नाची नोंदच केलेली नसते. मांडवाला, बँडला खर्च होतो, नोंदणीच्या कागदाला कोणाला वेळ नसतो.

आता पत्ता. अर्ज कुठल्या पोलिसांकडे करायचा याचा घोळ फार होतो, कारण पुण्याच्या परिसरात पोलिसांची तीन राज्ये आहेत. पुणे शहराचे आयुक्तालय १९६५ सालचे, त्याची कचेरी साधू वासवानी चौकाच्या बाजूला. पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी वेगळे झाले, हिंजवडी, चाकण, तळेगाव, आळंदी त्यात. आणि आपल्यासारखी तालुक्याची गावे पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे. त्यातही हद्दी सरकतात. लोणी काळभोर २०२१ पर्यंत ग्रामीणला होते, मग शहरात गेले. म्हणून “माझा भाऊ मागं इथंच गेला हुता” यावर विसंबू नये. अर्ज ऑनलाइन भरतानाच आपले पोलीस ठाणे निवडावे लागते, तिथे चूक झाली तर सगळेच अडते.

पोरगा हडपसरला कॉट बेसिसवर राहतो आणि आधारवर गावचा पत्ता आहे, ही तर घरोघरची गोष्ट. राहतो तिथला पत्ता खरा सांगायचा, कधीपासून राहतो तेही खरे सांगायचे, आणि गावचा कायमचा पत्ता वेगळ्या रकान्यात लिहायचा. सोय म्हणून गावच्याच पत्त्यावर सगळे भरून टाकले, की चौकशीला बीट अंमलदार गावात येतो, पोरगा पुण्यात असतो आणि शेरा पडतो, “पत्त्यावर राहत नाही.” हडपसरच्या खोलीचा पुरावा मात्र मालक सहजी देत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. हे पोराने मालकाला नम्रपणे सांगावे. चार कॉटवाल्यांनी मिळून सांगितले तर लवकर ऐकतो, असा अनुभव आहे.

इथे तीन गोष्टींची सरमिसळ होते, ती सोडवतो. मालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे ही एक, नोंदलेला भाडेकरार ही दुसरी, आणि चारित्र्याचा दाखला ही तिसरी. एक असले म्हणून दुसरे झाले असे होत नाही. तसेच सरपंचाचा रहिवासी दाखला किंवा पोलीस पाटलाने दिलेली चिठ्ठी म्हणजे पोलिसांचा दाखला नव्हे. पोलीस पाटील हा १९६७ च्या कायद्याने नेमलेला गावचा माणूस. ठाण्याचा अंमलदार चौकशीला आला की त्याला विचारतो, त्याच्या शब्दाला वजन आहे, पण दाखला देण्याचा अधिकार त्याचा नाही. आणि परदेशी जायचे असेल तर वाटच वेगळी. तिथे लागणारा पोलीस क्लिअरन्सचा दाखला पासपोर्ट कचेरीमार्फत मिळतो आणि त्याचा पाया पासपोर्टवरचे नाव-पत्ता.

हे सगळे एवढे कडक का झाले, असे आबांनी विचारले होते. २००७ साली पुण्यात कॉल सेंटरला कामाला निघालेल्या एका मुलीचा, तिला न्यायला आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरनेच साथीदाराच्या मदतीने घात केला. रात्रपाळीच्या मुली कोणाच्या भरवशावर गाडीत बसतात, हा प्रश्न तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला पडला. पहारेकऱ्यांच्या बाबतीत तर २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यानेच चारित्र्य व पूर्ववृत्त पाहणे बंधनकारक केले आहे. आबा ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, “माझी भाची बी तिकडंच रात्रपाळीला जाती. बघू द्या त्यांना काय बघायचं ते.”

आता एक नाजूक विषय. ऊसदराच्या आंदोलनात आपल्यातल्या बऱ्याच पोरांवर रास्ता रोकोचे गुन्हे दाखल झालेले आहेत. काहींना ते ठाऊकही नसते, कारण फिर्यादीत “व इतर” म्हणून सुरुवात होते आणि नाव मागून चढते. अर्जात प्रश्न असतो, तुमच्यावर गुन्हा दाखल आहे काय? पोरगे घाबरून ‘नाही’ लिहिते. हे करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात या प्रश्नाचा सविस्तर विचार केला. नोकरीच्या पडताळणीत दिलेली माहिती खरी असली पाहिजे, लपवल्यास नोकरी जाऊ शकते. पण लहान वयात घोषणा देण्यासारखा किरकोळ प्रकार असेल, तर मालक त्याकडे काणाडोळाही करू शकतो, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे रास्ता रोकोचा गुन्हा सांगितला तर बाजू मांडायला जागा राहते, लपवला तर ती जागा आपल्याच हाताने बुजते. दाखल झालेला गुन्हा आणि सिद्ध झालेला गुन्हा यात फरक आहे. खटल्याचा निकाल लागला असेल किंवा सरकारने खटला मागे घेतला असेल, तर कोर्टाच्या त्या हुकमाची नक्कल काढून ठेवावी. पुष्कळ जण सुटतात, पण सुटल्याचा कागद कोणाकडेच नसतो!

ज्या दिवशी ठाण्यात बोलावतील त्या दिवशी अस्सल कागद न्या. झेरॉक्स दाखवून ओळख पटत नाही, फोटो आणि चेहरा ताडून पाहायचा असतो. दहा वर्षांपूर्वीचा मिसरूड न फुटलेला आधारवरचा फोटो असेल तर तो आधी बदलून घ्यावा. नुसती स्वतःची सही केलेली झेरॉक्स पुष्कळ सरकारी कामांत २०१५ पासून चालते, पूर्वीसारखे साक्षांकनासाठी हेडमास्तरांच्या मागे लागावे लागत नाही (माझीही त्यातून सुटका झाली). मात्र दिलेल्या प्रत्येक झेरॉक्सवर आडवे लिहा, “फक्त चारित्र्य पडताळणीसाठी”, आणि खाली तारीख व सही. आधाराचे शेवटचे चारच आकडे दिसतील अशी प्रतही काढता येते. जिथे पूर्ण नंबर मागत नाहीत तिथे तीच द्यावी. नेट कॅफेत अर्ज भरला तर स्कॅन केलेले कागद तिथल्या संगणकावर तसेच पडून राहतात, उठण्यापूर्वी ते पुसायला लावा. आणि “तुम्ही येऊ नका, दाखला घरपोच देतो” म्हणणाऱ्याला आल्या पावली परत पाठवा. तसला दाखला खोटा निघाला, तर ज्याच्या नावाचा तो कागद असतो त्याच्यावर गुन्हा लागतो, एजंट सापडत नाही. स्वच्छ पोराच्या नावावर पहिला गुन्हा नोंदला जावा तो चारित्र्याच्या खोट्या दाखल्याचा, याला काय म्हणावे?

जाता जाता आपल्या कारखान्याचे. शेअर सर्टिफिकेटवर आजोबांचे नाव, सातबाऱ्यावर बापाचे, ऊसनोंद पोराच्या नावे आणि बँक खाते सुनेचे, अशी उदाहरणे गट ऑफिसात रोज येतात. बिल अडकले की सभासद क्लार्कवर चिडतो. वारसनोंद ज्यांनी केलेली नाही त्यांनी पोराच्या कागदांबरोबर आपलेही कागद एका ओळीत लावून पाहावेत.

आबांच्या पोराचा अर्ज तिसऱ्या खेपेला लागला. आधार सुधारून हातात आल्यावरच अर्ज भरला, भाडेकरार जोडला, पत्ता हडपसरचा दिला. ठाण्यात हवालदारांनी कागद पाहिले, जन्मतारीख पाहिली आणि विचारले, “तुझाबी १ जून का?” पोरगे म्हणाले, “हो साहेब, गुरुजींनी लिहिलीय.” हवालदार हसले म्हणे. त्यांचीही १ जूनच होती.

ज्यांना कागद तपासून घ्यायचे असतील त्यांनी वर्गाच्या दिवशी अस्सल प्रती घेऊन यावे. चष्मा विसरू नये.